भिंतीतली खिडकी

आमच्या कडोलीसारख्या सीमेवरच्या गावात माणसाला दोन भाषा बोलता येतात, म्हणून दोन लिप्याही वाचता येतात असे समजू नये. माझे काका शेतकरी आहेत. भाजी घेऊन बेळगावच्या बाजारात गेले की व्यापाऱ्याशी ते अस्खलित कन्नडमध्ये घासाघीस करतात. पण शाळा झाली मराठीत, तीही सातवीपर्यंत. त्यामुळे कन्नड अक्षरे समोर आली की त्यांना माझ्याकडे किंवा शेजारच्या मुलाकडे धाव घ्यावी लागते. गेल्या वर्षी मी त्यांच्या मोबाइलवर बाजारभावांचे एक कन्नड पान लावून दिले. रोज सकाळी चहाच्या वेळी माझ्यापुढे मोबाइल धरून ते म्हणत, "ह्ये वाच बघू. बटाट्याचं काय लिवलंय?" मी परीक्षेसाठी वसतिगृहावर राहायला गेलो आणि तो वाचणाराही गेला. तेव्हा एकदा ते फोनवर म्हणाले, "बाजारात तोंडानं बोलतो तीच भाषा हाय रे, पण कागदावर आली की परकी हुती बघ."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. संगणकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून यावर काहीतरी करावे असे वाटले. ते करताना मी एका भिंतीपाशी येऊन अडलो, आणि त्या भिंतीने मला जे शिकवले ते आपल्या महाविद्यालयातील मित्रांपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय थोडा तांत्रिक आहे. परंतु कला शाखेच्या वाचकांनीही पान उलटू नये अशी विनंती.

आठशे शहाण्णवचे अंतर

संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षर हा एक क्रमांक असतो. जगातील लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या पद्धतीस युनिकोड म्हणतात. भारतीय लिप्यांच्या बाबतीत युनिकोडने आपल्याकडील 'इस्की' या आधीच्या पद्धतीची मांडणी उचलली, आणि त्यात सर्व लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाने लावलेली होती. त्याचा परिणाम मोठा गमतीचा आहे. देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५, तर कन्नड 'क'चा ३२२१. फरक ८९६. 'ख'चे पाहा, 'म'चे पाहा, 'ळ'चे पाहा. फरक तोच, ८९६. म्हणजे कन्नड अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले की देवनागरी अक्षर हाती येते!

अपवाद थोडे आहेत. कन्नडमध्ये ऱ्हस्व 'ए' आणि ऱ्हस्व 'ओ' असे वेगळे स्वर आहेत. देवनागरीच्या तक्त्यात त्यांच्यासाठी खास चिन्हे राखून ठेवलेली आहेत, पण मराठी वाचकाला ती ओळखीची नाहीत. म्हणून मी ती साध्या 'ए' आणि 'ओ'वर आणली. कन्नड विभागातील माझ्या मित्राने आणखी दोन चुका दाखवून दिल्या. असे करता करता लिप्यंतराचा भाग चाळीसेक ओळींत पुरा झाला. बटाटा 'आलूगड्डे' म्हणून आणि कांदा 'ईरुळ्ळि' म्हणून देवनागरीत उमटू लागला. भाषा कन्नडच राहिली, फक्त अक्षरे बदलली. आणि काकांना तेवढेच हवे होते.

आता हे लिप्यंतर त्या पानावर आपोआप व्हावे यासाठी ब्राउझरचे एक्स्टेंशन लिहायचे ठरले. एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला जोडलेला एक छोटा कार्यक्रम. दुसऱ्याने तयार केलेल्या पानावर आपल्या सोयीसाठी तो काही फेरफार करू शकतो. फायरफॉक्सच्या मोबाइल आवृत्तीत डिसेंबर २०२३ पासून कोणालाही लिहिता येतील अशा एक्स्टेंशनांना मोकळे दार मिळाले आहे, म्हणून तोच ब्राउझर निवडला.

जे दिसते ते सापडत नाही

पहिल्याच दिवशी पानावरचा तक्ता देवनागरीत आला आणि मी हर्षभरित झालो. पण तक्त्याखाली आठवडाभराच्या भावांचा एक आलेख होता, तो मात्र जसाच्या तसा कन्नड राहिला. काकांच्या दृष्टीने महत्त्वाचा तोच, कारण भाव चढतो आहे की उतरतो आहे ते त्यावरून कळते.

कारण शोधले ते असे. तक्ता हा पानाच्या मजकुराचा भाग होता, पण आलेख 'कॅनव्हास' नावाच्या फलकावर रंगवलेला होता. फलकावर एकदा अक्षर रंगवले की ते अक्षर राहत नाही, चित्र होते. चित्रातून ८९६ वजा कसे करणार? मूळ आकडे आणि नावे पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये एका यादीत साठवलेली होती. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये मी त्या यादीचे नाव टाइप केले, तर सगळी यादी समोर हजर! तेच नाव एक्स्टेंशनमध्ये लिहिले, तर उत्तर आले 'अनडिफाइन्ड', म्हणजे असे काही अस्तित्वातच नाही. दोन रात्री मी स्पेलिंग तपासत बसलो. एकाच पानावर, एकाच क्षणी, एक वस्तू आहेही आणि नाहीही. हे कसे?

एक वाडा, दोन चुली

याचे उत्तर समजायला आपल्याकडचे वाटणी झालेले घर डोळ्यांपुढे आणावे. दोन भाऊ वेगळे झाले. अंगण सामाईक, विहीर सामाईक, तुळशीवृंदावन सामाईक. पण स्वयंपाकघरे दोन, मधे भिंत. अंगणात कोणी धान्य वाळत घातले तर दोघांनाही दिसते. पण एकाच्या चुलीवर काय शिजते आहे ते दुसऱ्याला दिसत नाही. दोन्ही घरांत 'पितळी डबा' म्हटले तर दोन वेगळे डबे समजायचे.

ब्राउझरने पानाची आणि एक्स्टेंशनची अशीच वाटणी केलेली आहे. पानाची दिसणारी रचना, जिला 'डॉम' म्हणतात, ती सामाईक अंगणासारखी. तक्ता तिथे होता म्हणून मला सापडला. पण चल राशी, याद्या, फंक्शने ही ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात. पानाच्या जगाला 'मेन वर्ल्ड' आणि एक्स्टेंशनच्या जगाला 'आयसोलेटेड वर्ल्ड', म्हणजे अलग ठेवलेले जग, असे नाव आहे. कन्सोल मुळातच पानाच्या स्वयंपाकघरात उघडते, म्हणून तिथे यादी दिसत होती. अशा बंदिस्त व्यवस्थेस इंग्रजीत 'सँडबॉक्स' म्हणतात. मुलांना खेळायला वाळूची पेटी द्यावी, म्हणजे वाळू घरभर होत नाही, अशी ही कल्पना.

फायरफॉक्समध्ये याला आणखी एक पदर आहे. तिथे एक्स्टेंशन पानाच्या वस्तूंकडे 'एक्सरे' दृष्टीने पाहते. पानाने ब्राउझरच्या एखाद्या मूळ फंक्शनवर आपला मुलामा चढवला असला, तरी एक्स्टेंशनला मुलाम्याखालचे मूळ फंक्शनच दिसते. हेतू हा की पानाने खोटे सोंग घेऊन एक्स्टेंशनला फसवू नये.

भिंत कोणी आणि का घातली

मला त्या भिंतीचा राग आला होता. तेव्हा आमच्या सरांनी मला २००५ सालची एक हकीकत सांगितली.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत असताना तयार केली. पुढे फायरफॉक्स आला, आणि ॲरन बूडमन या तरुणाने त्यासाठी 'ग्रीसमंकी' नावाचे एक्स्टेंशन लिहिले. कोणत्याही संकेतस्थळावर आपली स्वतःची छोटी स्क्रिप्ट चालवण्याची सोय त्याने सामान्य वापरणाऱ्याला करून दिली. त्यात एक विशेष अधिकार होता: ग्रीसमंकीची स्क्रिप्ट कोणत्याही पत्त्यावरून माहिती मागवू शकत असे. साध्या पानाला असा अधिकार कधीच नसतो. परंतु त्या वेळी स्क्रिप्ट आणि पान यांची चूल एकच होती. जुलै २००५ मध्ये मार्क पिलग्रिम यांनी दाखवून दिले की, ज्या पानावर अशी स्क्रिप्ट चालते ते पान तो अधिकार हळूच उचलून स्वतः वापरू शकते; एवढेच नव्हे, तर वापरणाऱ्याच्या संगणकातील फायलीही वाचू शकते. पाहुण्याने यावे, खुंटीवरची तिजोरीची किल्ली घ्यावी, आणि यजमानाला पत्ताही नसावा, असा हा प्रकार. लगोलग नवी आवृत्ती काढून ते विशेष अधिकार बंद करावे लागले, आणि पुढे स्क्रिप्टला वेगळी, बंदिस्त जागा देऊनच ते परत आणले गेले.

हेच बूडमन पुढे गूगलच्या क्रोममध्ये एक्स्टेंशनांच्या कामावर गेले. ॲडम बार्थ, एड्रिएन फेल्ट, प्रतीक सक्सेना आणि बूडमन यांचा २०१० सालचा एक शोधनिबंध आहे. एक्स्टेंशनच्या अंगी गरजेपुरतेच अधिकार असावेत, त्याचे भाग वेगळे ठेवावेत, आणि पानाचे जग व एक्स्टेंशनचे जग यांत पक्की भिंत असावी, असा त्याचा सारांश सांगता येईल. म्हणजे ज्याने कुंपणाशिवायची वाट पाडली, तोच पुढे कुंपण घालणाऱ्यांत होता. हे ऐकल्यावर माझा राग बराच निवळला.

वळसा घालण्याच्या वाटा

तरी माझी अडचण खरी होती आणि हेतूही वावगा नव्हता. अशा वेळी काय करतात?

जुनी वाट अशी: एक्स्टेंशनने सामाईक अंगणात, म्हणजे डॉममध्ये, एक नवा 'स्क्रिप्ट' घटक आणून ठेवायचा. अंगणात ठेवलेली स्क्रिप्ट ब्राउझर पानाचीच समजतो आणि पानाच्या जगात चालवतो. मात्र पुष्कळ पाने आपल्यासोबत सुरक्षेचे एक धोरण पाठवतात. 'थेट लिहिलेली स्क्रिप्ट चालवू नये' असे त्यात असले की ही वाट बंद होते. मग ती स्क्रिप्ट एक्स्टेंशनच्या गाठोड्यात वेगळी फाइल म्हणून ठेवावी लागते, आणि पानाला ती उघडता येईल असे एक्स्टेंशनच्या 'मॅनिफेस्ट' नावाच्या जाहीरनाम्यात नोंदवावे लागते.

नवी वाट सरळ आहे. क्रोमच्या १११व्या आवृत्तीपासून (२०२३) आणि फायरफॉक्सच्या १२८व्या आवृत्तीपासून (२०२४) मॅनिफेस्टमध्येच लिहिता येते की ही स्क्रिप्ट 'मेन' जगात चालवावी. फायरफॉक्समध्ये याखेरीज 'रॅप्ड जेएस ऑब्जेक्ट' नावाचे दारही आहे. त्यातून एक्सरे दृष्टी बाजूला ठेवून पानाची खरी वस्तू पाहता येते. पण त्या दारातून जे दिसते त्यावर पानाचा ताबा असतो, हे विसरता कामा नये.

यादी पानाने उघड्यावर ठेवली होती म्हणून माझे काम सोपे झाले. ती एखाद्या फंक्शनच्या पोटात असती, तर मेन जगातूनही दिसली नसती. अशा वेळी काही जण पान सुरू होण्याच्याही आधी आपली स्क्रिप्ट चालवतात आणि माहिती मागवणाऱ्या 'फेच' या फंक्शनला आपले आवरण घालतात. आवरण मूळ फंक्शनलाच काम सांगते, आलेल्या उत्तराची एक प्रत आपल्याकडे ठेवते आणि मूळ उत्तर पानाला देते. वेळ इथे फार महत्त्वाची. पानाची स्क्रिप्ट आधी धावली तर आवरण घालून उपयोग नाही.

चिठ्ठीचा व्यवहार

मेन जगात गेलेल्या स्क्रिप्टला यादी दिसते, पण तिला एक्स्टेंशनचे अधिकार नसतात. अधिकार असलेली स्क्रिप्ट भिंतीच्या अलीकडे, तिला यादी दिसत नाही. दोघींनी बोलायचे कसे? तर अंगणात चिठ्ठी ठेवून. 'पोस्ट मेसेज' नावाच्या सोयीने एक बाजू निरोप टाकते, दुसरी तो ऐकते. निरोपात मजकूर आणि आकडे जातात. वस्तू पलीकडे जात नाही, तिची नक्कल जाते. आणि फंक्शन तर जातच नाही. धान्य मोजून द्यावे, पण कोठाराची किल्ली द्यायची नाही, असा हा व्यवहार.

येथे माझ्या हातून एक चूक झाली, ती प्रांजळपणे सांगतो. मागच्या महिन्याचे भावही दाखवावेत म्हणून मी निरोपाची अशी सोय केली होती की, पलीकडच्या स्क्रिप्टने एखादा पत्ता चिठ्ठीत लिहावा आणि अलीकडच्या स्क्रिप्टने त्या पत्त्यावरची माहिती आणून द्यावी. शिवाय एक्स्टेंशनला मी 'सर्व संकेतस्थळे' अशी परवानगी मागून ठेवली होती, पुढेमागे लागेल म्हणून. काम झकास चालले. मोठ्या अभिमानाने मी ते सरांना दाखवले.

सरांनी वाचून एवढेच विचारले, "ही चिठ्ठी तुझ्याच स्क्रिप्टने लिहिली आहे, हे तुला कसे कळते?"

मी म्हणालो, "सर, चिठ्ठीवर मी माझ्या एक्स्टेंशनचे नाव घालतो."

"ते नाव अंगणातल्या सगळ्यांना दिसते. उद्या त्या पानावर एखादी जाहिरातीची स्क्रिप्ट आली आणि तिने तेच नाव घालून चिठ्ठी टाकली तर? तुझ्या काकांच्या मोबाइलवर बँकेचे खाते उघडे असेल, तर त्या पत्त्यावरची माहिती तुझे एक्स्टेंशन तिला मुकाट्याने आणून देईल."

मी गप्प झालो. ग्रीसमंकीची गोष्ट ऐकून मी मान डोलावली होती, आणि तीच चूक माझ्या हाताने पुन्हा केली होती. ब्राउझरने घातलेली भिंत मी फोडली नव्हती. पण तिच्यातल्या खिडकीतून किल्ली बाहेर टांगून ठेवली होती. आणि ती किल्ली माझी नव्हती, काकांची होती. पुतण्याने बसवून दिले आहे एवढ्या विश्वासावर ते एक्स्टेंशन त्यांच्या मोबाइलवर चालणार होते.

त्या रात्री मी अर्धे काम पुसून टाकले. जे ठेवले ते चार नियमांवर. पहिला, परवानगी त्या एकाच संकेतस्थळापुरती मागायची. दुसरा, पलीकडून येणाऱ्या चिठ्ठीत फक्त भाजीचे नाव, तारीख आणि भाव. नाव ठरावीक लांबीचे नसेल किंवा भाव आकड्यात नसेल तर चिठ्ठी फेकून द्यायची. चिठ्ठी खोटी निघाली तरी फार तर भाव खोटा दिसेल, आणि तो तर पान स्वतःही खोटा दाखवू शकते. तिसरा, आलेला मजकूर पानावर साधा मजकूर म्हणूनच लावायचा. त्यात दडलेला एखादा आदेश चालेल अशा रीतीने लावायचा नाही. चौथा, चिठ्ठीच्या सांगण्यावरून कोणतेही बाहेरचे काम करायचे नाही. मागच्या महिन्याच्या भावांवर पाणी सोडले.

वाचकहो, वळसा घालण्याची युक्ती कोणत्याही पुस्तकात सापडेल. ज्या बाजूला अधिकार आहे ती बाजू आणि जी बाजू कोणाच्याही ताब्यात जाऊ शकते ती बाजू, या दोहोंमध्ये फक्त शब्द जावेत, अधिकार जाऊ नये, हे मात्र मला ठेच लागून कळले. सँडबॉक्सला वळसा घालणारा जो कोणी असेल, त्याने भिंतीचे काम स्वतःच्या अंगावर घेतलेले असते. कारण त्या जागी आता भिंत नाही, त्याने लिहिलेल्या चार ओळी आहेत.

'साल' कशाचे?

आता आलेखाखाली देवनागरी नावांचा एक छोटा तक्ता येतो. कन्नड मजकूर मी पुसत नाही. त्याच्या खाली देवनागरी लावतो. ही सूचना कन्नड विभागातल्या मित्राची. तो म्हणाला, "मूळ अक्षर दिसत राहू दे. रोज बघून बघून ओळख होईल."

सुट्टीत घरी गेलो तेव्हा काका मोबाइल घेऊन सोप्यावर बसले होते. काकूंनी डोकावून पाहिले आणि विचारले, "हे 'बेळे साल' म्हणजे कुठलं साल ओ?" काका खो खो हसले. "अगं, ते आपलं साल न्हवं. कन्नडात साल म्हंजे कर्ज. पीककर्जाचं लिवलंय." काकूंना कन्नड येत नाही, त्यांना अक्षरे वाचता आली, पण अर्थ लागला नाही. काकांना अर्थ येत होता, अक्षरेच अडत होती. ८९६ वजा करून लिपी ओलांडता येते, भाषा नाही, हे त्या एका शब्दाने मला दाखवले. माझे एक्स्टेंशन ज्याला भाषा येते त्याच्याच उपयोगाचे आहे, आणि सीमेवरच्या आमच्या गावांत अशी माणसे घरोघर आहेत.

निघताना काकांनी मला तक्त्यातला 'दर' हा शब्द दाखवला. दोन्ही भाषांत तो एकच, अर्थही एकच. वरच्या कन्नड ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "ह्यो द, आणि ह्यो र. बरोबर हाय न्हवं?"

बरोबर होते.